वणीचा गोरा साहेब

१७ नोव्हेंबर १९५७, वणी

तीन वेळा वन्स मोअर! गाण्याले नाही — छडीले!

काल आर्णीले प्रयोग होता. सकाळच्या मोटारीनं परत आलो, अजून आंघोळबी केली नाही, पहिले हे लिहून राह्यलो. कानात त्याच टाळ्या आहेत. आमचं नाटकमंडळ चालवणाऱ्या पंजाबरावनं सगळ्या मंडळासमोर माह्या पाठीवर थाप मारली — "नागो, तू साहेबच हायेस रे. तुह्या मायनं इंग्रजाचं तोंड पाह्यलं व्हतं काय?" सगळे हसले. मीबी हसलो.

शाळेत याच घाऱ्या डोळ्यांपायी पोट्टे "मांजऱ्या" म्हणत. जिनिंगच्या हापिसात दिवसभर गाठींचे नंबर मांडतो, तठी कोणी ढुंकून पाहत नाही. पण डोक्यावर ती साहेबी टोपी चढवली का मी तीस सालचा जंगल-साहेब! राखीव जंगलातलं गवत कापलं म्हणून सत्याग्रह्याले पळसाच्या झाडाले बांधायचं अन् वेताच्या छडीनं फोडायचं, हे माहं काम. बांधून घ्यायचं काम उकंडाचं.

आतापावेतो छडी लागत होती, पण बेतानं. काल समोरचे लोक उठून उभे राह्यले अन् ओरडायले लागले, वन्स मोअर. मले वाटलं थट्टा करून राह्यले. पण पेटीवाला थांबला, पंजाबरावनं विंगेतून बोट फिरवून दाखवलं — पुन्हा. पब्लिकनं वन्स मोअर दिला का नटानं तो घ्यावाच लागते, नाही तर मंडळाची नाचक्की. घेतला. पुन्हा आला. पुन्हा घेतला. तिसऱ्या वेळी माह्या हातात काय शिरलं कोण जाणे, पुरा हात वर नेऊन खाली आणला. सदरा फाटला. उकंडा एक शब्द चुकला नाही. भारतमाता की जय बरोबर जागेवर म्हणला.

संध्याकाळ —

सकाळचं वाचून पाह्यलं. एक लिहायचं राह्यलं. राह्यलं कायचं, मी टाळलं.

मोटारीत उकंडा बसला नाही. आर्णीहून वणीपावेतो दांडा धरून उभा आला. जागा होती. निघायच्या आधी रहमतनं त्याच्या पाठीले खोबरेल लावलं — आमचे पडदेबी हाच रंगवते अन् आमची तोंडंबी. मी तिकडं एकदा पाह्यलं अन् दाढी करायले आरसा शोधायले लागलो.

२० नोव्हेंबर

उकंडा आमच्याच जिनिंगमधे रुईच्या गाठी वाहते. आज पाठीवर गाठ घेतली नाही, ढकलत ढकलत नेत होता. मुकादम ओरडला. मी खिडकीतून पाहत होतो. बाहेर नाही गेलो.

दुपारी पाण्याच्या टाक्यापाशी भेटला. "जयभीम बाबूजी," म्हणे. "काही नाही जी, आठ दिवसात जाते ते."

अन् माह्या तोंडून निघालं, "पब्लिक मात्र खूश होतं!"

काय बोललो मी हे!

२ डिसेंबर

कौसल्या आर्णीहून आली. माहेर तिचं. प्रयोग तिनं बायांमधे बसून पाह्यला. मी वाट पाहून राह्यलो, आता बोलन, आता बोलन. भाकरी झाल्या, भांडी झाली. शेवटी मीच विचारलं, कसा वाटला साहेब?

म्हणे, "साहेबाले लोकं शिव्या देतीन असं वाटलं व्हतं मले. एकबी नाही देल्ली."

"मंग?"

"आमच्या मांगं माणसं बसले व्हते. ते म्हणून राह्यले व्हते — हाण, अजून हाण. नागपूरहून आल्यापासून लई ताठ झाले हे. तुमाले आयकू नाही आलं?"

आलं होतं. 'हाण' मले आयकू आलं होतं. मले वाटलं, हे माह्या कामाचं कौतुक आहे.

उकंडा मागल्या वर्षी दसऱ्याले नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला. त्याचा सगळा पुरा, म्हणजे गावाबाहेरची त्यायची वस्ती, बौद्ध झाला. तेव्हापासून तिथले लोक गावचं मेलेलं ढोर ओढत नाहीत, सणावाराले कोणाच्या दारी हात पसरून उभे राहत नाहीत. हे लोकांच्या पोटात दुखते. आर्णीतबी तेच, वणीतबी तेच. पण आता उठून कोणाले झोडता येत नाही. मंग तिकीट काढून यायचं अन् साहेबाच्या हातानं झोडून घ्यायचं. तो साहेब मी.

पंजाबरावनं उकंडाले मंडळात घेतलं तेव्हा मी इथंच या वहीत लिहिलं होतं, केवढा सुधारक माणूस म्हणून! खरी गोष्ट अशी का ते काम कोणी घेतच नव्हतं. "आमच्या पोराले झाडाले बांधून मारता?" म्हणून एकेकाचा बाप भांडायले आला होता. भाषणं करायले पंजाबराव, गळ्यात हार घ्यायले पंजाबराव. मार खायले उकंडा. मले हे तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. टोपी डोक्यात बरोबर बसते का नाही, याच्याकडेच माहं ध्यान होतं.

५ डिसेंबर

पंजाबरावकडे गेलतो. छडीचा प्रवेश काढा म्हणून सांगाले.

पोहे खाल्ले. चहा घेतला. मुकुटबनची तारीख ठरवून आलो.

११ फेब्रुवारी १९५८

मुकुटबनचा प्रयोग झाला. ठरवून हळू मारलं. नुसती टेकवली छडी. पब्लिक थंड. मांगून कोणी तरी ओरडला, "साहेब उपाशी हाय काय बे?" हशा पिकला. उकंडा ओरडला, पण लोक हसत होते त्याच्यात ते वाहून गेलं. पंजाबराव परतीच्या बैलगाडीत माह्याशी बोलला नाही. बाकीच्यांनीबी तोंड फिरवलं.

एक उकंडाच बोलला. "बाबूजी, तब्येत बरी नाही काय?"

मले याचीच लाज वाटली का आपली चांगली गोष्ट आपल्याले किती लागली! मार कमी केला याचं समाधान एक आणा, टाळी गेली याचं दुःख पंधरा आणे. हे असं आहे.

१६ मार्च १९५८

जत्रेतला प्रयोग. मारलं.

काही विचार करून मारलं नाही. समोर लोक दाटीवाटीनं बसलेले, पहिल्या दोन छड्यांत मुकुटबनची आठवण झाली, अन् तिसरीपासून हात आपल्या आपण जोरात चालायले लागला. वन्स मोअर आला. मान झुकवून घेतला. उकंडानं दोर सुटल्यावर माह्याकडं पाह्यलं. रागानं नाही. एखाद्या माणसाचं नाव आठवत नसलं का आपण त्याच्याकडं पाहतो, तसं.

पाहुण्यांमधे कोल्हापूरचा एक सिनेमावाला होता. नाटक झाल्यावर माहा हात हातात घेऊन म्हणाला, "असा नैसर्गिक अभिनय मी शहरात पाहिला नाही. तुम्हाला कळवीन."

उकंडा तेव्हा तिथंच पडद्याची घडी घालत होता. त्याच्याशी कोणी बोललं नाही. मीबी त्याले बोलावलं नाही. सिनेमावाल्यानं त्याच्याकडं पाह्यलं असतं तर? मले त्याची भीती वाटली, हे खरं. लिहून टाकलं.

८ जानेवारी १९५९, कोल्हापूर

त्या सिनेमावाल्याचं पत्र आलं अन् आलो बाप्पा एकदाचा! जिनिंगमधून सुटी काढली, कौसल्याचे बाबा आजारी आहेत असं सांगून. ते ठणठणीत आहेत.

१० जानेवारी

तोंडावर पडलो.

काम असं — इंग्रज पोलीस साहेब. गाडीतून उतरायचं, कागद वाचून हुकूम द्यायचा, निघून जायचं. मारझोड काही नाही. मले वाटलं, हे तर डाव्या हातचं. दिव्यांच्या उजेडात उभं केलं अन् हात कुठं ठेवावे तेच समजेना. खिशात घातले तर म्हणतात काढा. मांगं बांधले तर म्हणतात शाळामास्तर दिसता. मी म्हटलं, "हातात छडी द्या साहेब, मंग जमते." सगळे हसले. दिग्दर्शक म्हणाला, "छडीचं काय काम? तुम्ही बोला." मी बोललो, "टुम लोग इढर से चला जाव." एक मेकपवाला पोट धरून खाली बसला. म्हणे, हा इंग्रज कोणत्या जिल्ह्यातला?

शेवटी पाठमोरं घेतलं. आवाज दुसऱ्याचा टाकणार आहेत.

पाच वर्षं झाली नट म्हणून मिरवून राह्यलो. छडी काढून घेतली तर बाकी काय उरलं, ते काल दिव्यात दिसलं.

१५ जानेवारी, वणी

स्टेशनवर मंडळाचे लोक हार घेऊन आले होते. उकंडानं माही ट्रंक उचलली. मी विचारलं, "तू कायले आला?" म्हणे, "सिनेमातून आले ना जी तुमी." त्याच्या आवाजात चिडवणं शोधून राह्यलो. नव्हतं.

गावात सांगितलं, मोठं काम आहे.

२२ ऑक्टोबर १९६०

टूरिंग टॉकीज लागली आहे बाजाराच्या मैदानात. माहा सिनेमा आला. सगळी वणी आली. पंजाबराव खुर्चीवर, मी त्याच्या शेजारी. कौसल्या नवं लुगडं नेसून बायांच्या बाजूले.

गाडीचं दार उघडलं. एक पाठ उतरली. कोणा दुसऱ्याच्या आवाजात काही तरी बोलली अन् गेली. लोक वाट पाहत बसले, आता तोंड दिसन म्हणून. सिनेमा संपला.

पण ती पाठ उतरली तेव्हा खाली मातीत बसलेल्या लोकांतून एक शिटी वाजली. एकच. जोरात. उकंडा होता. त्यानं पाठीवरून ओळखलं.

बाहेर निघताना म्हणे, "दिसले जी, मस्त दिसले." सगळ्या वणीत हे म्हणणारा तो एकटा. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२३ ऑक्टोबर

कौसल्यानं नवं लुगडं घडी घालून ठेवलं.

१४ ऑगस्ट १९६१

सिनेमा नाही तर लेखणी! यवतमाळच्या एका साप्ताहिकानं स्वातंत्र्यदिनाच्या अंकात माहा लेख छापला. 'माझा साहेब'. अर्धं पान. पंजाबरावनं चौकात मोठ्यानं वाचून दाखवला. हापिसातल्या मोठ्या बाबूंनी पहिल्यांदा मले खुर्ची दिली.

लेख चांगला झाला आहे. खरंच चांगला आहे. छडी खरी का मारावी, खऱ्या वेदनेशिवाय खरी कला कशी नाही, असं सगळं शुद्ध भाषेत लिहिलं. शेवटी उकंडाचंबी नाव घातलं. 'माझा सहकारी उकंडा हा मार हसत हसत व आनंदाने सोसतो.' नाव घातलं तेव्हा मले वाटलं, त्याच्यावर उपकारच करून राह्यलो.

१९ ऑगस्ट

आज दुपारी पंचफुला आली होती. उकंडाची बायको. याच्या आधी ती कधी आमच्या घराकडं आली नव्हती. मी ओट्यावर बसलो होतो, कौसल्या आत डाळ निवडत होती.

अंगणात उभी राह्यली. मी म्हटलं, बसा. बसली नाही.

म्हणे, "बाबूजी, आमच्या पुऱ्यात मास्तरनं तुमचं लिवलेलं वाचून दाखोलं. माह्या नवऱ्याले आनंद होते म्हणून लिवलं तुमी?"

मी म्हटलं, "तसं नाही, ते कलेच्या अर्थानं —"

"मले नाही समजत त्या अर्थाचं. तो पालथा झोपते. तुमचा खेळ झाला का आठ-आठ रोज पालथा झोपते. लहान पोरगी पाठीवर चढली का तिले हळूच उतरवून ठेवते. म्या कितीक डाव म्हटलं, सोडून द्या ते. तर म्हणे, नाटक कराले मले कोण घेणार दुसरं? तेवढाच घडीभर लोकं माह्याकडं पाह्यतात."

मी धोतराचं टोक नीट करायले लागलो.

"पाह्यजे तर मारा तुमी. तुमचं नाटक हाय," ती म्हणे. "पर आनंद होते म्हणून लिवू नका. तेवढं काढून टाका."

मी म्हटलं, "छापलेलं आता कसं काढणार?"

ती माह्याकडं पाहत राह्यली. मंग गेली. ऊन मरणाचं होतं, कौसल्या पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली तोवर ती कोपऱ्यावरून वळली होती. कौसल्यानं गडवा ओट्यावर ठेवला अन् आत गेली. माह्याकडं पाह्यलंबी नाही.

आतापावेतो मले वाटत होतं, मी उकंडाले टाळीसाठी मारतो. आज समजलं, तो मार खाते तेबी टाळीसाठीच. म्हणजे आमा दोघांचं दुखणं एकच. फरक एवढाच का त्याच्यापायी कातडी त्याची एकट्याची जाते. माह्यापाशी टाळीचा तेवढाच रस्ता असता तर मी त्याच्या जागी उभा राह्यलो असतो काय? नाही. आयुष्यात नाही.

२० ऑगस्ट

जिनिंगमधे उकंडा भेटला. बायको आलती हे त्याले माहीत नसावं. किंवा असन. "जयभीम बाबूजी." मी "हं" म्हटलं.

३ ऑक्टोबर १९६१

लिहिला! नवा शेवट लिहिला. महिनाभर बसलो त्याच्यावर. नाटक तेच, पण शेवटासंगं कामंबी बदलली — आता जंगल-साहेबाचं काम उकंडाले अन् सत्याग्रह्याचं मले. त्याच्या आवाजाले कोणती तोड नाही, ते काम तोच पेलन. रहमतले विचारलं, सफेदा लावून जमन काय? तो म्हणे, "क्यूँ नहीं जमेंगा? आपके मुँह पे भी तो मैंनेच इंग्रज बनाया है." चला.

जानेवारीत नागपूरची स्पर्धा आहे. उद्या पंजाबरावले दाखवतो. याच्यात तरी मागं हटायचं नाही.

४ ऑक्टोबर

हटलो.

पंजाबरावनं पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, अन् वही मिटून माह्या मांडीवर ठेवली. आवाज चढवला नाही. गोड बोलला.

"नागो, तुले झाडाले बांधून उकंडा मारन? समोर तुहे सासरचे, तुह्या जातीचे लोक बसतीन. ते पाह्यतीन अन् गप राह्यतीन?"

"नाटकच आहे ना," मी म्हटलं.

"मंग उकंडा खाते ते काय हाय?" तो हसला. "अन् तुले पोरीचं लग्न कराचं हाय ना पुढं? वणीतच राह्यचं हाय ना?"

मी वही पिशवीत टाकली. जुनाच शेवट ठेवायचं ठरलं. उलट पंजाबराव म्हणे, छडीच्या आधी साहेबाले अजून एक मोठं भाषण टाक, परीक्षकांवर छाप पडते. मी ते घरी येऊन लिहूनबी टाकलं. चांगलं झालं आहे भाषण. हात असा कसा आहे माहा, ज्याले म्हणलं त्याच्यासाठी लिहिते!

उकंडाले नव्या शेवटाचं काही सांगितलंच नव्हतं. बरं झालं, असं मनात आलं. शी.

२१ जानेवारी १९६२, नागपूर

आज मारणार नाही. देवाची शपथ घेतली. कौसल्याच्या डोक्यावर हात ठेवूनबी घेतली होती, निघताना. ती म्हणे, "माह्या डोक्यावर कायले? माही काय चूक?"

२२ जानेवारी

अभिनयाचं रौप्यपदक. नागोराव, वणी.

थेटर मोठं होतं. खुर्च्यांचं. लोक शहरातले, हाताची घडी घालून बसलेले. ना शिटी, ना काही. माहं भाषण झालं, एकबी टाळी नाही. कोल्हापूरचे ते दिवे आठवले. मंग दुसरं काय येते मले?

उकंडानं शेवटी डोळे मिटून घेतले होते. परीक्षकानं भाषणात म्हटलं, "छडीच्या प्रसंगाने अंगावर शहारा आला."

गाडीत सगळे पदक हातात घेऊन पाहत होते. उकंडाजवळ आलं तेव्हा त्यानंबी घेतलं. उलटून सुलटून पाह्यलं अन् पुढच्या माणसाले दिलं.

२९ जानेवारी

उकंडा तालमीले आला नाही.

५ फेब्रुवारी

आजबी नाही. पंजाबरावनं माणूस पाठवला. उकंडानं सांगितलं, "आता नाही येत जी." भांडण नाही, गाऱ्हाणं नाही. विचारलं काहून, तर एवढंच बोलला, "पुरे झालं."

१० जून १९६२

मंडळ जवळपास बंदच आहे. सत्याग्रह्याचं काम घ्यायले कोणी तयार नाही. पंजाबरावनं दोन-तीन जणांले विचारलं. एकानं आधी हो म्हटलं अन् छडी पाहून दुसऱ्या दिवशी गावालेच निघून गेला. पंजाबराव म्हणते, "हे लोकं माजले." मले म्हणते, म्हणजे मीबी मान हलवावी.

मान हलवली नाही. विरोधबी केला नाही. मधल्या मधे पान थुंकायले बाहेर गेलो.

पदक ट्रंकेत, खाली टाकलं. कोणी आलं का पहिले दाखवत होतो. आता कोणी विचारलं तर म्हणतो, सापडत नाही.

२४ मार्च १९६३

आज उकंडा माह्या टेबलापाशी आला. कामाच्या वेळात. आधी इकडचं तिकडचं बोलला, मंग म्हणे, "बाबूजी, चौदा एप्रिलले आमच्या पुऱ्यात जयंती हाय. आमी नाटक बसोलं. जंगलाचंच. आमचे म्हतारे सांगतात तसं. त्या टायमाले गवत कापाले आमच्यातलेबी गेलते म्हणे, मार त्यायनंबी खाल्ला. साहेब मी होऊन राह्यलो."

"अरे वा!" मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

"अडचण एकच हाय. झाडाले बांधून घ्याले कोणी तयार नाही. म्या सगळ्या पुऱ्यात विचारलं. पोरं म्हणतात, आमी आता बांधून घेत नाही, नाटकातबी नाही. बरोबरबी हाय त्यायचं." थोडा थांबला. "तुमी येता का?"

मी गाठींची वही ओढून उगाच पानं उलटली. तो वाट पाहत उभा होता. त्याच्या तोंडावर काही नव्हतं. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो.

घरी विचारून! पंधरा वर्षांत घरी काय विचारलं मी?

२५ मार्च

कौसल्याले सांगितलं. म्हटलं, सगळा पुरा समोर बसलेला असन. पंचफुला असन. ज्यानं इतके वर्षं माह्या हातचं खाल्लं त्याच्या हातात छडी असन. ती भाकरी थापत होती. म्हणे, "जा."

"अन् लोक काय म्हणतीन?"

"लोकं आजवर काय म्हणले ते म्या आर्णीले आयकलंच हाय."

३१ मार्च

येत नाही म्हणून सांगाले त्याच्या पुऱ्यात गेलतो. पहिल्यांदाच गेलो. तालीम चालू होती, निंबाच्या झाडाखाली. उकंडा साहेबाचं भाषण म्हणून राह्यला होता. मी कडेले उभा राह्यलो. हातात काही नव्हतं त्याच्या. हात दोन्हीकडे मोकळे सोडलेले, अन् तरी अंगावर काटा आला. हाच माणूस आमी पाच वर्षं झाडाले बांधून ठेवला!

त्यानं पाह्यलं, थांबला. "आले काय बाबूजी? या, दोर कसा बांधाचा ते एकदा पाहून घेऊ."

मी पुढं जाऊन झाडाले पाठ लावली. मंग आठवलं, पाठ नाही, तोंड लावायचं असते. पाठ समोर पाह्यजे.

१२ एप्रिल

पंजाबरावनं निरोप पाठवला — गेलास तर मंडळाची पायरी चढू नको. कौसल्याच्या माहेरीबी कळलं आहे. तिचा भाऊ येऊन बडबडून गेला.

भीती त्याची नाही. खरं लिहितो. छडीची आहे. मी काय काय मारलं ते मले माहीत आहे ना. कोणत्याच छडीत रागबी नव्हता, नुसता टाळीचा लोभ होता. त्याच्या छडीत तर सगळं असन, अन् असावंच. उकंडानं मारावं. जोरात मारावं, सगळ्यांदेखत मारावं, म्हणजे फिटन. असं मनातून म्हणतो अन् रहमतकडून आज जाड कापडाची बंडी शिवून आणली, सदऱ्याखाली घालायले.

१३ एप्रिल

बंडी घालणार नाही.

१५ एप्रिल १९६३

छडी लागलीच नाही.

दर वेळी पुऱ्या हातानं वरून आली अन् पाठीच्या बोटभर अलीकडे थांबली. नुसता वारा लागला. मी ओरडलो. ठरवून नाही, पुढची लागन या भीतीनं ओरडलो. समोर बाया पदर तोंडाले लावून रडत होत्या, पंचफुलाबी.

दोर सोडताना मी त्याले हळूच विचारलं, "काहून नाही मारलं?"

त्याले प्रश्नच समजला नाही. म्हणे, "नाटक व्हतं ना जी."